राब कोठे ठेवावा?

फाल्गुन सरत आला की ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्ट्यात, भातशेतीची पहिली तयारी सुरू होते. आणि ती पाण्याने नव्हे तर आगीने. ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या आधीच तोडून वाळवलेल्या असतात. त्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर जमिनीच्या एका तुकड्यावर रचायचे, वर थोडी माती पसरायची आणि पावसाआधी ते सारे भाजून काढायचे. भाजलेल्या जागेत बियाणे पडते, तेथे उगवलेले आवण पुढे उपटून खाचरांत लावले जाते. रचून जाळावयाच्या या सामग्रीला राब म्हणतात. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड मागे टाकून टोकावड्याकडे निघालेल्या प्रवाशाला चैत्र-वैशाखात दुतर्फा जे काळे चौकोन दिसतात, ते राबाचे.

शब्दकोशकाराला या शब्दाचा फारसा त्रास नाही. त्याने वरच्यासारखे चार ओळींचे वर्णन दिले, पुल्लिंग म्हणून नोंद केली, की तो पुढच्या शब्दाकडे वळायला मोकळा. परंतु भाषा संगणकाला शिकवू पाहणाऱ्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. त्याला आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: राब ही कोणत्या जातीची वस्तू? खत की सरपण? जंगलाचे उत्पन्न की शेतीचे साधन? की ती वस्तूच नव्हे, एक क्रिया आहे? शब्दाचा अर्थ सांगणे निराळे आणि त्याची जागा सांगणे निराळे. प्रस्तुत लेखाचा विषय ही जागा सांगण्याची विद्या हा आहे. ती संगणकाबरोबर जन्मली असा समज आढळतो, पण ती फार जुनी आहे; आणि टोकावड्याच्या परिसरापुरते बोलायचे तर राबाची जागा चुकीची सांगितल्याची किंमत तेथील माणसांनी संगणक येण्यापूर्वी शंभर वर्षे मोजलेली आहे.

भाषाप्रक्रियेच्या क्षेत्रात संकल्पनांच्या अशा मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द तत्त्वज्ञानातून उसना घेतलेला. तेथे तो 'जे आहे त्याचा विचार' अशा अर्थाने येतो आणि मराठीत त्यासाठी 'सत्ताशास्त्र' हा शब्द वापरला जातो. संगणकशास्त्रात टॉम ग्रूबर यांनी १९९३ साली केलेली व्याख्या प्रसिद्ध आहे; तिचा आशय असा की एखाद्या क्षेत्रातील संकल्पनांची आपण जी कल्पना करतो तिचा स्पष्ट शब्दांतला आराखडा म्हणजे ऑन्टॉलॉजी. आराखड्याचा कणा म्हणजे 'हा त्याचा एक प्रकार आहे' हा संबंध. बैल हा प्राण्याचा प्रकार, प्राणी हा सजीवाचा प्रकार. याचा उपयोग असा की सजीवाविषयी जे एकदा सांगितले ते बैलाविषयी पुन्हा सांगावे लागत नाही. वरच्याचे गुण खालच्याकडे वारसाहक्काने येतात. आणि वारसाहक्क म्हटला की कोणाच्या घरात जन्म झाला हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, हे आपल्याकडे निराळे सांगायला नको.

आपल्या परंपरेत या विचाराला जो शब्द आहे तो मला ग्रूबर यांच्या व्याख्येहून अधिक बोलका वाटतो. वैशेषिकांनी जगाची जी मूळ विभागणी केली (द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि पुढे सातवा अभाव) तिच्या प्रत्येक विभागाला त्यांनी 'पदार्थ' म्हटले. पदाचा अर्थ तो पदार्थ. म्हणजे जगात काय काय आहे याची यादी करताना त्यांनी नाव घेतले ते भाषेतून. आज आपण 'खाद्यपदार्थ' म्हणताना हा वारसा सहज विसरतो.

वर्गीकरणाचा प्रत्यक्ष नमुना मात्र कणादाकडे नव्हे, अमरसिंहाकडे पाहावयास हवा. 'नामलिंगानुशासन' हे त्याच्या ग्रंथाचे खरे नाव. लोकांनी त्याला अमरकोश केले. सुमारे पंधराशे श्लोक, तीन कांडे आणि प्रत्येक कांडात वर्ग. पहिल्या कांडात स्वर्ग, आकाश, दिशा, काळ, बुद्धी, वाणी, नाट्य, मग पाताळ, नरक आणि पाणी. दुसऱ्यात भूमी, नगर, पर्वत, वनौषधी, सिंहादी प्राणी, मनुष्य आणि नंतर ब्रह्म, क्षत्रिय, वैश्य व शूद्र हे चार वर्ग. तिसऱ्यात विशेषणे, अनेकार्थी शब्द, अव्यये आणि लिंगविचार. पाठशाळांतून शतकानुशतके मुलांनी हा ग्रंथ पाठ केला. म्हणजे शब्दांबरोबर त्यांच्या जागाही पाठ केल्या.

या जागा बारकाईने पाहिल्या तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. प्राण्यांचे सगळे शब्द सिंहादिवर्गात नाहीत. सिंह, वाघ, रानडुक्कर, वानर, मांजर तेथे आहेत. पण हत्ती आणि घोडा क्षत्रियवर्गात आहेत, बैल, गाय, शेळी, उंट, गाढव वैश्यवर्गात आणि कुत्रा शूद्रवर्गात. डुकराची तर फाळणीच झालेली आहे: रानातला वराह सिंहादिवर्गात, गावातले डुक्कर शूद्रवर्गात. अमरसिंहाला हत्ती आणि गाय दोन्ही चतुष्पाद आहेत हे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्याचा प्रश्नच निराळा होता. हा प्राणी कसा आहे, हे तो विचारत नव्हता. हा कोणाच्या दाराशी बांधलेला असतो, हे विचारत होता. हत्ती सेनेचे अंग म्हणून राजाच्या वर्गात, बैल नांगराचा म्हणून वैश्याच्या. कुत्रा शूद्रवर्गात आला तो शिकाऱ्याच्या मागोमाग. तेथील क्रम असा: आधी किरात, शबर, पुलिंद यांची म्लेंच्छ जाती म्हणून नोंद, मग व्याध आणि मग त्याचे कुत्रे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाकूर-कातकरी मुलांना मराठी साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाने हा क्रम एकदा तरी सावकाश वाचावा. रानात राहणारा माणूस येथे मनुष्यवर्गात नाही. तेथे स्त्रीपुरुष, नातीगोती, शरीराचे अवयव, रोग, अलंकार आहेत. तो शूद्रवर्गाच्या कडेला, शिकारी कुत्र्याच्या अलीकडे उभा आहे.

यावरून अमरकोश सरळ मोडीत काढणे मात्र सोपे आणि चुकीचे होईल. त्याच्या मांडणीत एक शहाणपणही आहे, आणि ते भाताच्या उदाहरणात दिसते. शाली, व्रीही ही शेतातल्या पिकाची नावे वैश्यवर्गात येतात. त्याच वर्गात पुढे स्वयंपाकघर येते, तेथली भांडी येतात आणि ओदन म्हणजे शिजलेला भातही येतो. शेतापासून ताटापर्यंतची वाट एका वर्गात आहे. आधुनिक पद्धतीचा आराखडा पिकाला वनस्पतींत टाकतो, दाण्याला धान्यांत आणि शिजलेल्या भाताला खाद्यांत. या तिघांची गाठ पुन्हा पडत नाही. मुरबाडकडे मात्र शेतात उभे असते तेही भात आणि ताटात वाढतात तोही भात. मधल्या अवस्थेत तेवढा तो तांदूळ. पिकाला नपुंसकलिंग आणि अन्नाला पुल्लिंग देऊन भाषेने भेद राखला आहे, पण नाव तोडलेले नाही. अमरसिंहाला हे नाते दिसले असते. हैदराबाद विद्यापीठात शिवजा नायर आणि अंबा कुलकर्णी यांनी अमरकोशातील या अंतर्गत नात्यांचा संगणकीय अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. जुना कोश म्हणजे केवळ पाठांतराची पोथी नव्हे, त्यात एक बांधीव ज्ञानरचना आहे, हे त्यातून दिसून येते.

मराठी मुलखात या परंपरेचा एक थेट वारस आहे: शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला राज्यव्यवहारकोश. फार्सी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश म्हणून आपण त्याची आठवण काढतो, आणि भाषाशुद्धीच्या वादात दोन्ही बाजूंनी त्याची ओढाताण होते. त्याचे वर्ग मात्र क्वचितच पाहिले जातात. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग असे ते दहा. स्वर्ग गेला, पाताळ गेले, चार वर्णांचे चार वर्ग गेले. दुर्गाला स्वतंत्र वर्ग मिळाला. जग तेच, पण आता ते गादीवरून दिसते तसे मांडले आहे. शेतकरी आणि त्याचे गाव यांना जागा आहे ती जनपदवर्गात, म्हणजे वसूल जेथून यायचा त्या बाजूने. अमरकोशाची चाल घेऊनही कोशकाराने त्याचा आराखडा घेतला नाही, ही गोष्ट मला त्यातील प्रत्येक पर्यायी शब्दाहून महत्त्वाची वाटते.

इंग्रजी अमदानीत वर्ग मागे पडले आणि वर्णानुक्रम आला. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, त्याची मोठी दुसरी आवृत्ती १८५७ साली. वर्णानुक्रम हा एका अर्थी समतावादी: त्यात राजा आणि राब शेजारी येऊ शकतात आणि कोणी कोणाच्या पोटात नसतो. पण तो तितकाच आंधळाही. 'राब'नंतर 'राबडी', 'राबणे', 'राबता' येतात ते केवळ अक्षरांमुळे. ज्या वर्षांत लंडनमध्ये रॉजेने सहा वर्ग आणि हजार मथळे पाडून अर्थानुसारी कोश सिद्ध केला (१८५२), त्याच वर्षांत मराठी कोशांनी अर्थानुसारी मांडणी सोडलेली होती. असो.

कोशांनी वर्ग सोडले म्हणून वर्गीकरण थांबले नाही. ते कचेरीत गेले. येथे राबाची गोष्ट सुरू होते.

१८७८च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची आखणी झाली. ठाणे जिल्ह्यात, आणि मुरबाड-शहापूर त्या वेळीही याच जिल्ह्यात होते, शेतीची आणि जंगलाची हद्द एकमेकांत मिसळलेली होती. भाताच्या खाचरावर शेतकऱ्याचा हक्क सरकारला मान्य होता. पण त्या खाचराच्या रोपासाठी लागणारा राब झाडांवरून येत होता, आणि झाडे वनखात्याची होत चालली होती. तेव्हा प्रश्न उभा राहिला: ही डहाळी म्हणजे काय? वनखात्याच्या दृष्टीने ती झाडाची हानी. वर्षानुवर्षे छाटलेले झाड इमारती लाकडाच्या कामाचे राहत नाही. महसूलखात्याच्या दृष्टीने ती शेतीची गरज, कारण रोप नाही तर पीक नाही, आणि पीक नाही तर सारा नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती वहिवाट. खत म्हटले तर ते शेतीच्या बाजूला जाते आणि त्याला हक्काचा आधार मिळतो. वनोपज म्हटले तर ते सरकारी मालाच्या बाजूला जाते आणि जे मिळेल ती केवळ सवलत, म्हणजे उद्या काढून घेता येईल अशी. एकाच डहाळीची ही दोन घरे. आणि कोणते घर, यावर दंड व्हायचा की नाही हे ठरत होते.

तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारने १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ साली झाला. या काळात राबावर शास्त्रीय वादही झडला, आणि तो वस्तुतः वर्गीकरणाचा वाद होता. राबाने काम होते ते राखेमुळे की उष्णतेमुळे? राखेमुळे असेल तर राब खत ठरतो आणि त्याला पर्यायी खत शोधता येते. मग झाडे तोडण्याचे कारण उरत नाही. जमीन भाजल्यामुळे, तणाचे बी मेल्यामुळे असेल, तर राब खत नव्हेच. ती एक प्रक्रिया आहे आणि दुसऱ्या खताने तिची जागा भरत नाही. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याने यावर प्रयोग केले. पुढे भारतीय शेतीची पाहणी करायला आलेल्या डॉ. व्होल्कर यांनी १८९३च्या आपल्या अहवालात राबाचा स्वतंत्र विचार केला, आणि ही निव्वळ अडाणी रूढी आहे हे मत स्वीकारले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. या साऱ्या कागदपत्रांत 'राब' हा शब्द जसाच्या तसा इंग्रजी लिपीत येतो. भाषांतर कोणाला जमले नाही. शब्द परका ठेवला, पण त्याला जागा मात्र आपल्या आराखड्यात दिली. भाषाप्रक्रियेत आजही नेमके हेच घडते, म्हणून ही गोष्ट इतकी विस्ताराने सांगितली.

अशीच दुसरी कथा बांबूची. ती आपल्या डोळ्यांदेखत घडली. १९२७च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाची व्याख्या करताना ताड-माड, वेत यांच्याबरोबर बांबूही घातलेला होता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत मानते. अमरसिंहाने दिलेल्या बांबूच्या पर्यायनामांत 'तृणध्वज' आहे, म्हणजे गवताचा ध्वज. त्यालाही ते ठाऊक होते. पण कायद्याच्या आराखड्यात बांबू झाडाच्या घरात जन्मला, आणि वारसाहक्काने झाडाची सगळी बंधने त्याच्याकडे आली. आपल्या परसातला बांबू तोडून वाहून न्यायचा तर परवानगीचा जाच. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घेतले. म्हणजे काही वर्षे तो एका कायद्यात झाड होता आणि दुसऱ्यात नव्हता. अखेर २०१७च्या नोव्हेंबरात अध्यादेश काढून, आणि लागोपाठ कायदा करून, झाडाच्या व्याख्येतून बांबू हा एक शब्द वगळण्यात आला. बांबूत काडीचाही बदल झाला नाही. फक्त त्याच्या वरचा शब्द बदलला.

आता संगणकाकडे येऊ. प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९८५च्या सुमारास इंग्रजीसाठी वर्डनेट नावाचे काम सुरू केले. त्याची मूळ कल्पना अशी की कोशाचे एकक शब्द नसावे, संकल्पना असावी. एकाच अर्थाचे शब्द एका गटात बांधायचे, त्या गटाला व्याख्या आणि उदाहरण द्यायचे, आणि मग गटागटांत नाती जोडायची: हा त्याचा प्रकार, हा त्याचा भाग, हा त्याच्या विरुद्ध. आयआयटी मुंबईत डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली २०००च्या सुमारास या धर्तीवर हिंदीचे काम सुरू झाले, त्यातून मराठीचे, आणि पुढे इंडोवर्डनेट या छत्राखाली अठरा भारतीय भाषा आल्या. मराठीच्या जाळ्याला 'शब्दबंध' असे सुरेख नाव मिळाले. आज त्यात सुमारे तीस हजार संकल्पना आहेत. मराठीच्या विद्यापीठीय विभागांत या कामाची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. आपण कोशवाङ्मयाचा इतिहास शिकवताना महाराष्ट्र शब्दकोशाशी येऊन थांबतो.

शब्दबंध उभारताना विस्ताराची पद्धत वापरली गेली. म्हणजे हिंदीतील संकल्पना समोर घ्यायची आणि तिच्यासाठी मराठीत कोणते शब्द आहेत ते भरत जायचे. यात वेळ वाचतो, भाषाभाषांत पूल आपोआप बांधले जातात, आणि नाती पुन्हा जोडावी लागत नाहीत. ती हिंदीकडून तयार मिळतात. मोजक्या माणसांनी इतक्या वर्षांत एवढे काम उभे केले ते या पद्धतीमुळे. तिची उणीवही तिच्या गुणातच आहे. घर तयार मिळाले, पण खोल्या आपण पाडलेल्या नाहीत. हिंदीच्या आराखड्यात संज्ञेखाली सजीव आणि निर्जीव, सजीवाखाली वनस्पती आणि जंतू, जंतूंत स्तनपायी, आणि स्तनपायीखाली व्यक्ती. किरात, शबर आणि राजा येथे एका ओळीत येतात, हे अमरकोशाच्या वाचकाला मोठेच आश्वासक वाटावे. पण शेतकरी ही व्यक्ती आणि त्याचा बैल हे दोघे एका कामात जोडलेले आहेत, हे या झाडावर कोठेच दिसत नाही.

राबाचे येथे काय होते? हिंदीतही 'राब' आहे, पण तो उसाचा आटवलेला रस, काकवीच्या जातीचा. हिंदी संकल्पना समोर ठेवून मराठी शब्द भरणाऱ्याला आपला राब भेटण्याचे कारणच नाही, कारण जी खोली नाही तिचे दार कोणी ठोठावत नाही. या अडचणीची जाणीव इंडोवर्डनेटच्या कर्त्यांना होती. त्यांनी संकल्पनांचे थर पाडले: सर्व भाषांत असणाऱ्या, भारतीय भाषांत असणाऱ्या, एका भाषाकुळात असणाऱ्या आणि एकाच भाषेत असणाऱ्या. शेवटच्या थरात प्रत्येक भाषेने आपल्या संकल्पना नव्याने घालायच्या. हे धोरण योग्यच. पण नव्या संकल्पनेलाही वरचा शब्द द्यावा लागतो, आणि तो शब्द आधीच्या आराखड्यातून निवडावा लागतो. म्हणजे १८८७ साली कचेरीत जे झाले, तेच पुन्हा: शब्द तुमचा, जागा आमची.

समानार्थी शब्दांच्या गटाचीही अशीच गंमत आहे. गटातील एक शब्द काढून दुसरा ठेवला तरी वाक्याचा अर्थ टिकावा, ही त्याची कसोटी. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या यादीत 'काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी, सोन कातकरी' अशी एक नोंद आहे. कायद्याच्या दृष्टीने हा आदर्श गट: कोणतेही नाव घ्या, हक्क तोच. पण सोन आणि ढोर या पोटभेदांत रोटी-बेटीचा व्यवहार परंपरेने नव्हता. गावात एक नाव काढून दुसरे ठेवता येत नाही. भाताच्या रोपांना मुरबाडकडे आवण म्हणतात, दक्षिण कोकणात तरवा. हे दोन शब्द एका गटात बांधायला माझी हरकत नाही. पण बांधणाऱ्याने दोन्ही मुलखांतली लावणी पाहिलेली असावी, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

एका वस्तूला दोन घरे असली तर काय करावे, या प्रश्नावर आपल्याकडे कोणी विचार केला नव्हता असे नाही. उदयनाचार्यांनी 'किरणावली'त, म्हणजे दहाव्या-अकराव्या शतकात, कोणत्या धर्माला खरी जाती म्हणता येणार नाही याच्या सहा कसोट्या दिल्या. त्यांतली एक संकर. दोन वर्ग काही ठिकाणी एकत्र येतात आणि तरी एक दुसऱ्याच्या पूर्ण पोटात नसतो, तेव्हा ते दोन्ही जाती ठरू शकत नाहीत. भूत म्हणजे पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश. मूर्त म्हणजे पृथ्वी, जल, तेज, वायू, मन. चार दोघांत आहेत, आकाश फक्त पहिल्यात, मन फक्त दुसऱ्यात. नैयायिकांना हा दोष वाटला, कारण त्यांना स्वच्छ झाड हवे होते, प्रत्येक फांदीला एकच बुंधा असलेले. वर्डनेटने ही शिस्त मोडली. त्यात कुत्र्याला दोन वरचे शब्द आहेत: एक श्वानकुळातला प्राणी आणि दुसरा पाळीव प्राणी. म्हणजे हा कसा आहे आणि हा कोणाच्या दाराशी असतो, हे दोन्ही प्रश्न एका नोंदीत विचारले गेले. अमरसिंहाचा प्रश्न पंधराएकशे वर्षांनी प्रिन्स्टनमध्ये परत आला, वर्णव्यवस्था मागे ठेवून.

अलीकडे अशा हाताने बांधलेल्या आराखड्यांची गरजच संपली, असे म्हटले जाते. आजची मोठी भाषाप्रारूपे अफाट मजकूर वाचून शब्दाची जागा स्वतःच ठरवतात. कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो यावरून. पद्धत प्रभावी आहे यात शंका नाही. पण सोबत मोजायची तर लिहिलेला मजकूर हवा, आणि टोकावड्याच्या बाजूचा राब लिहिला गेला तो बहुतेक इंग्रजी अहवालांत. मराठी मजकुरात 'राब' शोधणाऱ्या यंत्राला राबणाऱ्या माणसांची गर्दी अधिक भेटेल आणि हिंदीकडून काकवीचा गोडवा मिसळेल. हाताने लिहिलेल्या एका नोंदीचे मोल अशा ठिकाणी अजून आहे.

ती नोंद कशी असावी? मला वाटते, एका नोंदीत राब बसत नाही. शब्दबंधाच्या रीतीने निदान दोन लागतील. पहिली वस्तूची: भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला रचलेल्या डहाळ्या, पाला, गवत, शेण यांचा थर. तिचे वरचे शब्द दोन, शेतीची सामग्री आणि वनोपज. त्यांतला कोणताही गाळू नये आणि शेतीची सामग्री आधी यावी. दुसरी क्रियेची: 'राब भाजणे', जमीन तयार करण्याचा एक प्रकार, नांगरणीच्या शेजारी. दोन्हींचे नाते आवणाशी जोडावे आणि आवणाचे भाताशी. खत हा वरचा शब्द देऊ नये. तो प्रश्न १८८०च्या दशकातच उघडा पडला होता. उदाहरणाचे वाक्य मुरबाड-शहापूरकडच्या बोलीतलेच घ्यावे. आणि भाजून झाल्यावर उरलेल्या त्या काळ्या चौकोनाला, जेथे आता बी पडणार, तिसरी नोंद द्यावी की पहिलीच पुरते, हे ठरवण्यासाठी त्या भागातल्या विद्यार्थ्यांना आधी विचारावे.